फायबर आवळू नकोस

डोंबिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निनाद,



तुझा फोटो मिळाला आणि त्याखालचा प्रश्नही: "ताई, फायबर चिकटवायला सगळ्यात स्ट्राँग ग्लू कुठला?" तुझ्या मोटरसायकलचं डावं साइड पॅनल साकेत पूल ते माणकोली यांच्यामध्ये कुठेतरी पडलं आणि आता बॅटरी, वायरिंग सगळं जगाला दिसतंय. शोधायला परत गेला नाहीस हे बरं केलंस. रुंदीकरण चालू असलेल्या त्या हायवेवर, मागून ट्रक येत असताना, प्लास्टिकच्या तुकड्यासाठी खाली वाकणाऱ्यांना मी हात जोडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं असतं, पण तिथे तू तीन ओळींपुढे वाचत नाहीस, अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून हा कागद.

ग्लू कुठलाच नको. तुझी गाडी खडखडते म्हणून तू आणि तुझा मेकॅनिक दोघं मिळून तिचं फायबर, म्हणजे प्लास्टिकची पॅनल्स, आवळत सुटलात, आणि आवळल्यामुळेच ते गेलं. भाऊबीजेला तू आलास तेव्हा जेवणाची पानं घेईपर्यंत मी खाली पार्किंगमध्ये गाडीजवळ उकिडवी बसले होते, आठवतंय? आई वरून हाका मारत होती. तेव्हा उजवं पॅनल नीट पाहिलं. मागचा बोल्ट असा करकचून पिळलेला की डोक्याखालचं प्लास्टिक खोलगट झालं होतं. एक साधा वायसर, वर एक स्प्रिंग वायसर. खालचं रबर चेपून भोकाच्या बाहेर फुगलेलं, एका बाजूने चिरलेलं. आणि भोकापासून कडेपर्यंत बारीक पांढऱ्या रेषा. काळं एबीएस ताणाखाली असं पांढरं पडतं. तडा जाण्याआधीची ती पायरी. जिच्यामुळे हे सगळं टळलं असतं ती लोखंडी कॉलर मात्र जागेवर नव्हती. डावीकडचीही नसणार.

कॉलर म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर उंचीची नळी. पॅनलच्या भोकात रबर बसतं, रबरात कॉलर, कॉलरमधून बोल्ट जातो. तिची लांबी प्लास्टिकच्या जाडीपेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. बोल्ट आवळला की त्याचं डोकं कॉलरवर टेकतं, कॉलर फ्रेमवर टेकते आणि लोखंड लोखंडावर पक्कं बसतं. प्लास्टिक बिचारं मधे रबरावर मोकळं राहतं. बोल्ट पूर्ण आवळलेला असतानाही पॅनलला हात लावला तर ते मिलिमीटरभर हललं पाहिजे. ज्याने गाडी डिझाइन केली त्याने ते हलणं विचार करून ठेवलेलं असतं, आणि आपल्याकडे तोच दोष समजतात.

पुढचं नाटक प्रत्येक गॅरेजमध्ये सारखंच. सर्व्हिसिंगला पॅनल काढलं की कॉलर निसटते, तेलकट फरशीवर घरंगळते, संध्याकाळी झाडूबरोबर जाते. पॅनल परत लावताना बोल्ट खोल उतरतो, म्हणून वायसर. तरी आवाज येतो, म्हणून आणखी एक फेरा. त्या दिवशी पॅनल खडकासारखं घट्ट, गिऱ्हाईक खूश. पण प्लास्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं. बोल्टचा टिकाऊपणा असतो त्याच्या ताणात: आवळलेला बोल्ट किंचित लांब झालेला असतो आणि परत आखूड व्हायची त्याची जी ओढ, तीच जोड धरून ठेवते. खालचं प्लास्टिक दबलं की ओढ संपली. इंजिनाची ऊब आणि मे महिन्यात उघड्यावर लावलेली गाडी, मग तर बघायलाच नको. काही आठवड्यांत तोच बोल्ट हाताने फिरतो.

आणि सैल बोल्ट नुसता सैल राहत नाही, उलटा फिरून बाहेर येतो. तो का येतो यावर १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने एक निबंध लिहिला. आम्हा इन्स्पेक्शनवाल्यांची ती पोथीच. बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने हादरे दिले तर तो फारसा सुटत नाही. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि बोल्ट आपण होऊन उकलत जातो, हे त्याने दाखवलं. त्याच्या नावाचं मशीन आजही बोल्टची परीक्षा घ्यायला वापरतात. आणि त्या मशीनवर साध्या स्प्रिंग वायसरची अगदी शोभा होते, असून नसल्यासारखा! तरी तुझा मेकॅनिक छातीवर हात ठेवून सांगेल, "स्प्रिंग वायसर टाकलाय, आता हलत नाही." त्याच्याशी वाद घालू नकोस, नुसती कॉलर माग.

तुझ्या रोजच्या रस्त्याचा हिशेब मी उगाच मांडून पाहिला. सिंगल सिलिंडर इंजिन ४२०० आरपीएमवर फिरतंय म्हणजे सेकंदाला ७० हादरे. कासारवडवलीहून माणकोलीच्या गोदामापर्यंत पाऊण तास धरला तर एक लाख एकोणनव्वद हजार, एका बाजूचे. हे नुसतं इंजिनाचं, रस्ता गुळगुळीत धरून. आणि रस्ता गुळगुळीत धरायला आपण ठाणे जिल्ह्यात राहत नाही. घोडबंदर रोडवर डांबर संपून काँक्रीट सुरू होतं तिथली पायरी, मेट्रोच्या खांबांजवळचे चर, साकेत पुलाचे सांधे. इकडे आलास की पेव्हर ब्लॉक. वीस सेंटिमीटर लांबीच्या ब्लॉकवरून ताशी ३० ने गेलं तर सेकंदाला चाळीसेक ठोके. कल्याण–शीळ रस्त्यावर काँक्रीट झालं तेव्हा लोकांना वाटलं सुटलो, पण त्या काँक्रीटलाही आडवे सांधे असतात आणि काटईपर्यंत ते पार्श्वभागाला मोजता येतात.

ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितली, ते वाचलं असशील. त्यात साइड पॅनलचा उल्लेख नाही. पण २०१८ च्या जुलैत कल्याणच्या शिवाजी चौकात खड्ड्यामुळे दुचाकीवरून पडलेली बाई बसखाली गेली होती. तेव्हापासून दुचाकीच्या पुढ्यात रस्त्यावर काहीही पडलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुझं पॅनल तुझ्या मागून येणाऱ्या कुणाच्या तरी पुढ्यात पडलं, हेही ध्यानात ठेव.

वाऱ्याचं म्हणशील तर त्याला आपण उगाच बदनाम करतो. ताशी ८० ला हवेचा दाब चौरस मीटरला साधारण ३० किलो भरतो. वीस बाय तीस सेंटिमीटरच्या पॅनलला म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. ४० ला त्याच्या चौथाई, वेग दुप्पट तर दाब चौपट. धडधाकट पॅनलला पावणेदोन किलो काहीच नाहीत. हादऱ्यांनी मागचा बोल्ट नेला, पुढची एक खुंटी रबरातून निसटली, कडेला बोटभर फट पडली आणि हवा आत शिरली, की मग वारा नेतो. त्याआधी कितीतरी दिवस ते पॅनल आवाज करून तुला सांगत असतं. तुझ्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ आहे, त्यामुळे तुला ऐकू येत नाही.

त्या खुंट्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण खरा घात तिथे होतो. पॅनलच्या मागच्या बाजूला दोन-तीन प्लास्टिकच्या खुंट्या असतात, गॅरेजमध्ये त्यांना लॉक म्हणतात; त्या फ्रेमवरच्या रबरात टिचबटणासारख्या शिरतात. पॅनलचा बराचसा भार त्यांच्यावरच असतो. रबर मऊ आहे तोवर खुंटी घट्ट बसते आणि हादराही रबर खातं. रबर कडक झालं, चिरलं किंवा फुगलं, की खुंटीला धरायला काही उरत नाही. फुगवतं कोण, तर आपलं वॉशिंग सेंटर. गाडी चकाचक करायला ते इंजिनावर नि खालच्या अंगावर डिझेल मारतात. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम दोन्ही डिझेलमध्ये फुगतात, पिळपिळीत होतात. तेव्हा यापुढे "भाऊ, डिझेल नको" एवढं म्हणायला लाजू नकोस. पाण्याचा जोरदार फवाराही पॅनलच्या फटीत सरळ नको.

नवी रबरं महाग नसतात. मुळीच नाहीत. गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये रबराला आणि कॉलरला स्वतंत्र नंबर असतो. काउंटरवरचा माणूस "पूर्ण पॅनल घ्या" म्हणतो कारण त्याला पुस्तक उघडायचा कंटाळा. नंबर लिहून दे, उघडेल. कॉलर नाहीच मिळाली तर वागळे इस्टेटमध्ये कुणाही लेथवाल्याकडून करून घे. उंची सांगताना चूक करू नकोस: प्लास्टिकच्या जाडीपेक्षा जास्त, आणि न दाबलेल्या रबराच्या उंचीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर कमी. मग रबर किंचित दबतं, खडखड थांबते, आणि बोल्टचा सगळा जोर कॉलर घेते.

लावताना आधी रबरं बसव. खुंटीला साबणाचं पाणी लाव, तेल किंवा ग्रीस लावू नकोस. बोल्ट हाताने दोन-तीन आटे फिरवून नुसते अडकवून ठेव, सगळे. मग खुंट्या एकेक करून तळहाताने सरळ आत दाब. "टप्" असा आवाज येतो. त्यानंतर बोल्ट. पहिला बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याचं भोक जुळत नाही म्हणून पॅनल ओढणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या पॅनलला तडा त्याच दिवशी जातो. एम-६ च्या बोल्टला १० नंबरचा पाना लागतो. तो मुठीत धरू नकोस, दोन बोटांत धर. कॉलरवर टेकल्याचं हाताला कळतं, एकदम कडक लागतं. तिथून थोडासाच जोर दे आणि थांब. काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. खुंटीच्या जवळ धरून सरळ बाहेर ओढायचं.

आता तू म्हणशील, मग लॉकटाइट लावून टाकतो की. थांब. ते निळं, २४३ नंबरचं, चांगलंच आहे, पण लोखंडाच्या आट्यांसाठी. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होतं. प्लास्टिकच्या भोकात ते नुसतं ओलं राहतं आणि एबीएस, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला आतून तडे पाडतं. कंपनीच्या माहितीपत्रकातच तशी सूचना असते, पण माहितीपत्रक वाचतो कोण. क्रॅश गार्ड, फूटरेस्टचा ब्रॅकेट, तिथे एकेक थेंब खुशाल टाक. टाकीजवळ किंवा फेअरिंगजवळ ती बाटली उघडू नकोस. आणि लाल तर कुठेच नको, ते सोडवायला गरम करावं लागतं, प्लास्टिकजवळ ते कसं करशील?

उजव्या पॅनलला तडा गेलाच तर ते फेकू नकोस. आतल्या बाजूला बघ, दोन बाणांच्या मध्ये एबीएस किंवा पीपी अशी प्लास्टिकची जात कोरलेली असते. एबीएस असेल तर नशीब: त्याच प्लास्टिकचा भुगा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लापशी केली की तिनेच तडा सांधतो, कारण कड वितळून एकजीव होते. तुटलेलं दुसरं पॅनल भंगारात मिळतं, त्याचा भुगा कर. खिडकी उघडी ठेव आणि गॅसजवळ बसू नकोस. पीपी असेल तर ना अ‍ॅसिटोन, ना एम-सील, ना फेव्हिक्विक, काहीच धड धरत नाही. त्याला फायबर वेल्डिंगवाल्याकडेच न्यावं लागतं, तो गरम सळईने त्याच जातीची काडी वितळवून भरतो. तुझा तो स्ट्राँग ग्लू दोन्हीकडे नापास, कारण तो वाळून कडक होतो आणि हादऱ्यात कडक सांधा आधी तुटतो.

बाबांच्या राजदूतला यातलं काही नव्हतं. पत्र्याचे टूलबॉक्स, गंजले तरी जागेवर. तेव्हा कुणाला कॉलर ठाऊक नव्हती आणि लागतही नव्हती. २००३ मध्ये करिझ्मा आली तेव्हा डोंबिवलीच्या कॉलेजबाहेर तिच्याभोवती पोरं जमायची, त्या पुढच्या फेअरिंगसाठी. मग सगळ्याच गाड्यांना अंगभर प्लास्टिक आलं: हलकं, हवा तसा आकार घेणारं, गंज नाही. मेकॅनिकचा हात मात्र पत्र्याचाच राहिला.

सगळ्यात आधी काय बघायचं ते सांगते, कारण तू पहिल्यांदा टाकीजवळची चकचकीत पॅनल्स बघशील. आधी पुढचं मडगार्ड. त्याचे चारही बोल्ट आणि भोकांभोवतीचे तडे. साइड पॅनल गेलं तर गेलं, पुढचं मडगार्ड सुटून चाकात अडकलं तर तू जाशील. त्यानंतर इंजिनाखालचं काऊल, कारण ते मागच्या चाकासमोर पडतं. मग साखळीकडची बाजू. नंबरप्लेटच्या मागे प्लास्टिकचं टेल मडगार्ड आहे, ती जाड प्लेट त्यावर थरथरत राहते; मागे आधाराची पट्टी आहे का बघ. साइड पॅनलचा नंबर त्याच्याही नंतर.

आमच्या इन्स्पेक्शनमध्ये आवळून झालेल्या बोल्टवर पिवळ्या मार्करने रेघ मारतात, अर्धी डोक्यावर, अर्धी खालच्या भागावर. बोल्ट फिरला की रेघ तुटते, पाना न लावता कळतं. तुला मार्कर घ्यायची गरज नाही, घरात शर्वरीचं नेलपॉलिश असेल, तेच चालेल. भडक रंगाचं माग. सकाळी गाडी काढताना गुडघ्यावर बसायलाही नको, नुसती नजर फिरव.

आणि जाता-जाता एक स्वस्त विमा: काळे केबल टाय. पांढरे उन्हात ठिसूळ होतात, काळे टिकतात. पॅनलच्या आतल्या एखाद्या कडीतून फ्रेमला सैलसर बांध, ताणून नाही; खुंट्या निसटल्या तरी पॅनल लोंबकळेल, पडणार नाही. तो सायलेन्सरला, साखळीला, मागच्या चाकाला लागणार नाही एवढी लांबी ठेव. रेसिंगवाले यासाठी तारेने बोल्ट शिवून टाकतात, आपल्याला तितकं नको. पण बाहेरून, पॅनलवरून आडवा टाय मारून वर टेप लावू नकोस. माणकोलीच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या तशा पट्टी बांधून उभ्या असतात आणि त्यांच्या आत कॉलर नाही हे मला लांबूनच सांगता येतं.

राहता राहिलं साडीगार्ड. ते तू गाडी "क्लीन" दिसावी म्हणून काढून माळ्यावर टाकलंस, हे शर्वरीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकायला सांगतो, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. धरायला कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्टही त्यातच आहे. डिसेंबरात बदलापूरच्या लग्नाला आई रिक्षाने जाणार नाही, तुझ्याच मागे बसणार, नऊवारीत. तेव्हा रविवारी ते खाली काढ, त्याची रबरं बदल, दोन्ही बोल्टना निळ्याचा एकेक थेंब लाव आणि रेघ मारून फोटो पाठव. मी बघेपर्यंत आईला नेऊ नकोस.

तुझी,
ताई